आन्येसचा हात

आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. नव्या चष्म्याचा नंबर अजून ठरला नव्हता. टीव्हीवरची माणसं तिला दिसायची, पण खाली भराभर पळणारी अक्षरं लागायची नाहीत. त्या रात्री मी एक फ्रेंच सिनेमा लावून बसले होते. आई आतून आली, सोफ्यावर पाय वर घेऊन बसली आणि म्हणाली, "काय म्हणतायत ते मला सांगत जा गं." पुढचे दोन तास मी इंग्रजी सबटायटल्स वाचत होते आणि तिला मराठीत सांगत होते. सुरुवातीलाच अडले. सिनेमातली मुलगी आपल्या आईला 'तू' म्हणते की 'तुम्ही', हे इंग्रजीवरून कळायला मार्ग नव्हता. मी 'तू' धरलं. आम्ही दोघी तशाच बोलतो म्हणून असेल.

सिनेमा आंद्रे तेशिनेचा, २०१४ सालचा. त्याच्या फ्रेंच नावाचा अर्थ साधारण 'ज्याच्यावर जरा जास्तच जीव लावला तो माणूस'. इंग्रजीत गेल्यावर त्याचं 'माझ्या लेकीच्या नावाने' झालं. पहिलं नाव त्या पुरुषाकडे बोट दाखवतं, दुसरं आईकडे. जिचं सगळंच गेलं ती मुलगी पहिल्या नावात नाहीच, आणि दुसऱ्यात आहे ती कुणाची तरी लेक म्हणून. तिचं नाव आन्येस. आन्येस ल रू.

गोष्ट खरी घडलेली आहे. फ्रान्समध्ये 'ल रू प्रकरण' म्हटलं की एका पिढीला अजून सगळं आठवतं. १९७७ साली सुरू झालेलं हे प्रकरण २०१४ साली, सदतीस वर्षांनी, निकाली लागलं. निकाल लागला एप्रिलमध्ये आणि सिनेमा कान महोत्सवात दाखवला गेला मे महिन्यात. म्हणजे शूटिंग चाललं होतं तेव्हा खरी कोर्टकचेरी संपलेलीही नव्हती.

नीस हे भूमध्य समुद्रावरचं शहर. तिथे समुद्राला लागून प्रोमनाद देझांग्ले हा लांबलचक रस्ता आहे. त्या रस्त्यावर १९२९ साली पाले द ला मेदितेरानी हा कॅसिनो उघडला. फ्रँक जे गूल्ड या अमेरिकन धनिकाने तो बांधून घेतला होता. इमारत आर्ट डेको, आपल्या मरीन ड्राइव्हवर पुढच्या दशकात ज्या शैलीच्या इमारती उभ्या राहिल्या त्याच घराण्यातली, पण कितीतरी भव्य. उंच कमानी, दगडात कोरलेले घोडे, आत जुगाराची दालनं आणि नाट्यगृह. सत्तरच्या दशकात या कॅसिनोत ल रू कुटुंबाचा मोठा हिस्सा होता. घरातला कर्ता, आंरी ल रू, १९६७ साली वारला. मागे बायको रने आणि चार मुलं. शेअर्स त्यांच्यात वाटले गेले.

कॅसिनो म्हणजे बसून पैसे मोजायचा धंदा, असं मला वाटायचं. तसं नसतं. जुगाऱ्याने डाव जिंकला की त्याच रात्री त्याला पैसे मोजून द्यावे लागतात, त्यामुळे तिजोरी कायम भरलेली ठेवावी लागते. एखाद्या मोठ्या खेळाडूला लागोपाठ चारदोन रात्री दान पडलं, तर धंदा बुडू शकतो. १९७५ साली पाले द ला मेदितेरानीवर हेच ओढवलं. इटलीहून आलेल्या खेळाडूंनी काही दिवसांत पन्नास लाख फ्रँक जिंकून नेले. त्याच सुमाराला त्याच रस्त्यावर झां-दोमिनिक फ्रातोनी या माणसाचा 'रूल' कॅसिनो सुरू झाला. नीसचे महापौर जाक मेदसँ यांचं आणि फ्रातोनीचं सख्य जगजाहीर होतं. पाले गिळायचा फ्रातोनीचा डाव आहे आणि त्यामागे माफियाचा पैसा आहे, असं रने उघड म्हणत राहिली. पुढे फ्रातोनी देश सोडून स्वित्झर्लंडला गेला. मेदसँ १९९० साली उरुग्वेला पळाले, तिथून त्यांना फ्रान्समध्ये आणलं गेलं आणि शिक्षाही झाली.

रने तरुणपणी मॉडेल होती. सिनेमात तिचं काम कातरीन दनवने केलंय. केस बसवलेले, अंगावर फर, पाठीचा कणा ताठ. नवरा गेल्यावर या बाईने धंद्यातल्या पुरुषांशी झुंजून १९७६ साली कंपनीचं अध्यक्षपद मिळवलं. त्या झुंजीत तिच्या बाजूला एक वकील होता, मोरीस आन्यले. मतं गोळा करून आणण्यात, कागदपत्रं करण्यात त्याचा हात होता. बदल्यात त्याला कॅसिनोचं व्यवस्थापकपद हवं होतं. रनेने दिलं नाही. इथवर आई नुसती ऐकत होती. इथे म्हणाली, "आता हा लेकीकडे जाणार."

आन्येस तेव्हा एकोणतिशीला टेकलेली. लग्न मोडून परत आलेली, स्वतःचं छोटं दुकान काढून बसलेली. आदेल एनेलने ती ज्या तऱ्हेने उभी केलीय ते मी विसरणार नाही. ही मुलगी समुद्रात पोहायला लागली की तिचे खांदे मुलाच्या खांद्यांसारखे दिसतात, आणि त्याच खांद्यांनी ती मोरीसच्या दारात फोनची वाट बघत वाकून बसलेली असते. मोरीसची बायको होती, मुलं होती, आणखी मैत्रिणीही होत्या. आन्येसला ते माहीत होतं. तो फोनवरचं बोलणं टेप करून ठेवायचा. खऱ्या मोरीसलाही बोलणी टेप करायची, सगळ्याच्या नोंदी ठेवायची सवय होती. गियोम कानेने त्याला व्हिलन केलेलं नाही, आणि मला ते बरोबर वाटतं. थंड, नीटनेटका, ऐकून घेणारा माणूस. एकट्या पडलेल्या मुलीला ऐकून घेणाऱ्याची किती भूक असते!

या गोष्टीकडे लोक वकिलाने फसवलेल्या मुलीची गोष्ट म्हणून बघतात, याचा मला त्रास होतो. सिनेमात आन्येस जवळजवळ पहिल्यापासून एकच मागते. माझ्या वडिलांचा माझा वाटा मला दे. मोरीसमध्ये ती पुरती गुंतली नव्हती तेव्हापासून ती हे मागतेय. मागण्यात चूक काय होतं? फ्रान्समध्ये मुलांचा वाटा कायद्यानेच राखून ठेवलेला असतो. १८०४ च्या नेपोलियनच्या संहितेपासूनची ही रीत आहे. बापाला वाटलं म्हणून तो मुलीला वाऱ्यावर सोडून सगळं दुसऱ्या कुणाला देऊ शकत नाही. तीन किंवा जास्त मुलं असतील तर मालमत्तेचा तीन चतुर्थांश भाग मुलांचाच. मुलगा-मुलगी असा भेदही त्यात नाही. म्हणजे कागदावर आन्येसची बाजू पक्की होती. पण तिचा वाटा होता डुगडुगणाऱ्या कॅसिनोच्या शेअर्समध्ये. त्या शेअर्सवर घरभाडं निघत नाही, दुकानाचा माल भरता येत नाही. रोख हवी तर आईने ते विकत घ्यायचे, आणि आईची तिजोरी रिकामी. रनेचंही खोटं नव्हतं. देते म्हणाली असती तरी आणायचे कुठून? आणि विकायचेच झाले तर शेअर्सना गिऱ्हाईक एकच होतं, फ्रातोनी.

३० जून १९७७. कंपनीची सभा. अध्यक्षपदावर रनेने राहायचं की नाही, याचं मतदान. मतं इतकी काठावर होती की आन्येसच्या मताने पारडं फिरणार होतं. आन्येसने आईच्या विरोधात मत दिलं. त्या मताची किंमत आधीच ठरली होती, फ्रातोनीकडून तीस लाख फ्रँक. मध्यस्थ मोरीस. रनेचं पद गेलं.

"परत लाव," आई म्हणाली.

मी मागे नेऊन परत लावलं. सभेची खोली, टेबलाभोवतीची माणसं, मतदान. आई पुढे सरकून, ऑपरेशन झालेला डोळा बारीक करून बघत होती. झाल्यावर म्हणाली, "अजून एकदा." तिसऱ्यांदा बघून झाल्यावर ती मागे टेकली. मी विचारलं, काय बघतेयस? काही बोलली नाही. "चालू दे पुढे," एवढंच.

पुढचं फार झपाट्याने घडतं, खऱ्या आयुष्यातही तसंच घडलं. तीस लाख फ्रँक स्वित्झर्लंडच्या बँकेत गेले, आन्येस आणि मोरीस या दोघांच्या नावे असलेल्या खात्यांत. उन्हाळा सरला. मोरीस अंतर ठेवायला लागला. ऑक्टोबरमध्ये आन्येसने दोनदा जीव द्यायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा वाचली. महिन्याच्या शेवटी, सर्वपित्रीसारखा त्यांचा जो सण येतो, तूस्सँ, त्याच्या सुट्टीच्या सुमाराला ती आपल्या रेंज रोव्हरमधून निघाली. त्यानंतर तिला कुणी पाहिलं नाही. घरात एक चिठ्ठी मिळाली, माझी वाट इथे संपते आणि पुढचं सगळं मोरीसने बघावं, अशा अर्थाची. ती त्या दिवशी लिहिलेली की आधीच्या प्रयत्नाच्या वेळची, यावर पुढे कोर्टात पुष्कळ खल झाला. स्वित्झर्लंडमधला पैसा दरम्यान मोरीसच्या एकट्याच्या खात्यात जाऊन पोचला होता.

घरच्यांची पोलिसांत तक्रार व्हायला पुढचं वर्ष उजाडलं. एक तरणीताठी मुलगी नाहीशी होते आणि तिच्या आईला महिनोन्‌महिने भलतीसलती शंका येत नाही, कारण दोघी एकमेकींशी बोलतच नव्हत्या. फोन आला नाही, तर रागावली असेल. पत्र आलं नाही, तर अजून राग गेला नसेल. अबोल्याने त्या मारेकऱ्याला जेवढा वेळ मिळवून दिला तेवढा कुठल्याही वकिलाने दिला नसता. मला सगळ्यात जास्त काळजाला लागलं ते हे. आमच्याही नात्यात असे अबोले आहेत. कुणी कुणाच्या बारशाला गेलं नाही, कुणाच्या तेराव्याला आलं नाही, आणि कारण विचारलं तर बांधावरची दोन आंब्याची झाडं.

कॅसिनो १९७८ साली बंद पडला. फ्रातोनीला तो चालवायचा नव्हताच, असं रनेचं म्हणणं. कामगार इमारत सोडायला तयार होईनात, ते आत ठिय्या देऊन राहिले. पुढे १९९० साली आतली सगळी इमारत पाडली. दर्शनी भिंत तेवढी राष्ट्रीय वारसा म्हणून आदल्या वर्षी जाहीर झाली होती, म्हणून ती ठेवली. तिच्या मागे नवं हॉटेल बांधलं, ते २००४ साली उघडलं. फोटोत बघितलं तर आजही प्रोमनादवर त्या कमानी तशाच दिसतात.

रनेने मग उरलेलं आयुष्य एकाच कामाला वाहिलं. माझ्या मुलीला या माणसाने मारलं, हे सिद्ध करायचं. प्रेत नाही, गाडी नाही, हत्यार नाही, जागा माहीत नाही. १९८३ साली मोरीसवर खुनाचा आरोप ठेवला गेला आणि दोनेक वर्षांत पुराव्याअभावी प्रकरण मिटलं. मत विकत घेण्याच्या व्यवहारात हात असल्याबद्दल त्याला तुरुंगवास झाला, वकिलीही गेली, पण खुनाचं काही नाही. ज्या दिवसांत आन्येस नाहीशी झाली त्या दिवसांत तो आपल्यासोबत जिनिव्हाला होता, अशी त्याच्या दुसऱ्या एका मैत्रिणीची साक्ष होती. १९९९ साली, बावीस वर्षांनी, त्या बाईने सांगितलं की ते खोटं होतं. सगळी फाइल पुन्हा उघडली.

२००६ साली नीसच्या कोर्टात खटला चालला. मोरीस निर्दोष सुटला. सरकारी पक्षाने अपील केलं. २००७ साली एक्स-आं-प्रोव्हान्सच्या कोर्टाने त्याला दोषी धरून वीस वर्षांची शिक्षा सुनावली. तो तुरुंगात गेला आणि तिथून स्त्रासबुरच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात. जानेवारी २०१३ मध्ये त्या न्यायालयाने फ्रान्सच्या विरोधात निकाल दिला. एका कोर्टाने सोडलं, दुसऱ्याने वीस वर्षं दिली, आणि दुसऱ्याने का दिली याचं एक वाक्यही निकालपत्रात नाही, तर माणसाने आपल्याला शिक्षा कशासाठी झाली हे समजून घ्यायचं कसं?

हे वाचून मी थांबले. रनेच्या बाजूने मन इतकं झुकलं होतं की हा निकाल मला अन्याय वाटायला हवा होता. वाटला नाही. फ्रान्सच्या ज्यूरीला कायदा एक जुना प्रश्न विचारतो. तुमचं अंतःकरण काय म्हणतं? त्यासाठी त्यांचा शब्दप्रयोग आहे 'मनाची आतली खात्री'. कारणं देत बसू नका, शांतपणे स्वतःशी बसा आणि पुराव्यांनी तुमच्या मनावर काय ठसा उमटवला ते बघा, असं कायद्याचंच सांगणं. वाचायला फार सुंदर वाटतं. पण ज्याच्या आयुष्याची वीस वर्षं जाणार आहेत, त्याला दुसऱ्याच्या मनातली खात्री दिसत नाही. माणूस खुनी असला तरी त्याला कारण सांगायलाच हवं. फ्रान्सने तोवर कायदा बदलून ज्यूरीच्या निकालाला कारणं जोडणं सक्तीचं केलंही होतं. रनेने मात्र या सगळ्याकडे कसं बघितलं असेल, हे मला कळतं. नव्वदी गाठलेली बाई, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

तिसरा खटला २०१४ च्या वसंतात ब्रिटनी प्रांतातल्या रेन शहरात चालला. इथे जे झालं ते सिनेमात नाही, असणं शक्यच नव्हतं. ७ एप्रिलला मोरीसचा स्वतःचा मुलगा साक्षीला उभा राहिला. आन्येस गेली तेव्हा हा लहान पोर होता. इतकी वर्षं तो बापाच्या बाजूने होता, बापासाठी धडपडला होता. त्या दिवशी त्याने सांगितलं की बापानेच खून केलाय यावर त्याची खात्री आहे. प्रेत सापडत नाही तोवर आपल्याला चिंता नाही, अशा अर्थाचं बाप त्याच्याजवळ बोलला होता. आणि आईने त्याला सांगितलं होतं की इटलीत, मोंते कासिनोच्या परिसरात, दोघं उघड्यावर मुक्कामाला असताना मोरीसने झोपलेल्या आन्येसवर गोळी झाडली. आईने कोर्टापुढे हे साफ नाकारलं. भाऊ त्याच्या विरोधात गेला. तो एकटा उभा राहिला. चार दिवसांनी, ११ एप्रिलला, मोरीस आन्यलेला पुन्हा वीस वर्षांची शिक्षा झाली, आणि या वेळी कायम झाली.

एका घरात मुलीने आईविरुद्ध मत दिलं म्हणून ही गोष्ट सुरू झाली आणि दुसऱ्या घरात मुलाने बापाविरुद्ध साक्ष दिली म्हणून संपली. वर्तमानपत्रांना पहिल्यासाठी आणि दुसऱ्यासाठी वापरायला एकच शब्द सापडतो, दगा. मला ते पटत नाही. त्या मुलाच्या साक्षीला मोबदला कुणी देणार नव्हतं. उलट जे होतं तेही गेलं, आई, भाऊ, सगळं. सदतीस वर्षं एक म्हातारी आपल्या लेकीची हाडं मागतेय आणि ती कुठे असतील हे आपल्याला ऐकून ठाऊक आहे, हे घेऊन तो झोपत कसा असेल? त्याने तोंड उघडलं याचं मला मोल वाटतं. आणि आन्येसचं? तिच्या मताला मोबदला होता. तिने आईला दगा दिला, हे मी नाकारत नाही. पण रनेने ते मत आयुष्यभर लेकीच्या नावे मांडून ठेवलं नाही. तिने मुलाच्या, झां-शार्लच्या, सोबतीने आठवणींचं पुस्तक लिहिलं, सिनेमा त्यावरच उभा आहे. कोर्टाच्या पायऱ्या चढली, केस पिकले, पाठ वाकली. काहींना वाटतं तिला कॅसिनो गेल्याचा सूड घ्यायचा होता. सूडावर माणूस पाचदहा वर्षं निघू शकतो. सदतीस वर्षं निघायला पोटचं पोरच लागतं.

सिनेमा संपला तेव्हा साडेअकरा झाले होते. शेवटी पडद्यावर पुढच्या निकालांच्या ओळी येतात, त्या मी वाचून दाखवल्या. आई म्हणाली, "मग सापडली का?"

"नाही."

"कुठेच?"

"कुठेच नाही."

ती उठून झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यात थेंब घालायचे होते. दोन बाटल्या असतात, एक पांढऱ्या झाकणाची, एक गुलाबी. पहिला थेंब घातल्यावर पाच मिनिटं थांबून दुसरा घालायचा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आई खाटेवर उताणी, मान मागे, डोळे मिटलेले. मी शेजारी बसून मोबाइलवर वेळ बघत होते. पहिला थेंब पडला आणि ती बोलायला लागली.

"दादांनी वाटणीच्या कागदांना बोलावलं ना, सत्त्याण्णव साली."

मला ते वर्ष आठवतं. आजोबा वारले त्याच्या पुढचं. तलाठ्याने वारसनोंद करताना आजीच्या आणि दोन्ही मामांच्या नावांसोबत आईचं आणि मावशीचं नाव सातबाऱ्यावर लावलं होतं, कारण १९५६ च्या कायद्याने बापाच्या हिश्श्यात लेकीचाही वाटा असतो. मग दोघी बहिणींनी हक्कसोड पत्र करून दिलं, सगळ्या बहिणी देतात तसं. दादामामांनी दोघींना इरकल साड्या घेतल्या. माझ्या लेखी विषय तिथेच संपला होता. मामा चांगले आहेत. दर उन्हाळ्यात आंब्याची पेटी येते, कुणाच्या आजारपणात ते सगळ्यांच्या आधी हजर असतात. आईने जमिनीबद्दल कधी अवाक्षर काढलेलं मी ऐकलं नव्हतं.

"निबंधकाच्या कचेरीत फार गर्दी होती," आई म्हणाली. डोळे मिटलेलेच. "आई बाहेर बाकावर बसली होती. मला वाटलं, आत येईल. तू अशी इकडे ये, सही करतेय ती बघ, असं दादा म्हणालासुद्धा तिला. ती आली, दारात उभी राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी सही करताना मान वर केली, तर ती खिडकीतून बाहेर बघत होती."

मी काही बोलले नाही. तीन मिनिटं झाली होती.

"सही करायचीच होती गं. जमीन घेऊन मी काय करणार होते? पण तिने बघायला हवं होतं माझ्याकडे."

मग काल रात्री त्या सभेत ती तीनतीनदा काय शोधत होती, ते मला कळलं.

"त्या बाईने बघितलं का लेकीकडे, हात वर झाला तेव्हा?" आईने विचारलं. "मला काही दिसलं नाही नीट."

"बघितलं," मी म्हणाले. खरं तर माझं लक्ष खालच्या अक्षरांवर होतं. मग मला ते खोटं राहवेना. "मलाही नाही दिसलं. संध्याकाळी परत लावून बघू."

"चालेल," आई म्हणाली. "आणि गाडी? एवढी मोठी गाडी होती म्हणालीस."

"गाडीही नाही सापडली."

पाच मिनिटं झाली. मी गुलाबी झाकण काढलं, तिची खालची पापणी अंगठ्याने जरा ओढली. तिने डोळा उघडला आणि वर माझ्याकडे बघत राहिली.